साहेब, ‘सेमी’ मागणाऱ्या पोराला नीट उत्तर द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हाधिकारी कार्यालये व पोलीस आयुक्तालये यांच्या शस्त्र परवाना शाखांतील अधिकारी आणि कर्मचारी यांस,



एका जिल्ह्याच्या गावी मी मुलामुलींना रायफल नेमबाजी शिकवतो. आपल्या शाखेशी माझा संबंध कागदापुरता. शिफारसपत्र लिहून द्यायचं, त्यावर क्लबचा शिक्का मारायचा, आणि पालक आपल्याकडून परत आले की त्यांच्या तोंडाकडे बघून काय झालं असेल ते ओळखायचं. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. अर्ज फेटाळला असंही नाही आणि घेतला असंही नाही. हे ‘काहीच नाही’ कोणा एका शाखेपुरतं असतं, तर मी साहेबांची वेळ घेऊन समोर बसून बोललो असतो. इतर जिल्ह्यांतले माझे प्रशिक्षक मित्रही तेच सांगतात, म्हणून हे पत्र उघडं.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. बंदुका सहज मिळाव्यात अशी माझी मागणी नाही. हळदीला, वरातीला हवेत बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, तेव्हा आमच्या रेंजवर कोणालाही वाईट वाटलं नाही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्यालाही माझा विरोध नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे की हा कडक कायदा समोरच्या माणसाला कळेल अशा भाषेत कोणी सांगत नाही. त्याची किंमत मुंबई-पुण्याच्या श्रीमंत पोरापेक्षा तालुक्याच्या पोराला जास्त मोजावी लागते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं आणि त्यानंतर आमच्या रेंजवर जत्रा भरली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि थेट ऑलिंपिकचं पदक. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग प्रत्येक बापाला वाटलं, आपला का नको? वाटावंच. या जत्रेत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : “सर, बजेटमधली चांगली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुठली? आणि बाहेरून मागवली तर कस्टमवाले किती घेतील?”

प्रश्न कुठून येतो ते उघड आहे. पोरांच्या हातात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलवर अमेरिका आहे. तिथे रुगर १०/२२ नावाची .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल १९६४ पासून विकली जाते. बाप पोराला शिकवण्यासाठी जी पहिली रायफल घेतो, त्यात तिचं नाव हमखास असतं. किंमत काही शे डॉलर. आमच्याकडचा पालक डॉलरला रुपयाने गुणतो, स्मार्टफोनपेक्षा स्वस्त म्हणतो आणि आपल्या शाखेच्या दारात येऊन उभा राहतो. तिथे त्याला तीन शब्दांचं उत्तर मिळतं : “ते होत नाही.”

साहेब, उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. काय होत नाही हे त्याला कळतं. का होत नाही आणि त्याऐवजी काय होतं, हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारतो, तिथला माणूस एका एजंटाचा नंबर देतो, आणि पुढची कथा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

खरं तर पूर्ण उत्तराला पाच मिनिटं लागतात. मी ते रेंजवर कसं देतो ते सांगतो.

क्लबची .२२ ची बोल्ट रायफल मी रिकामी करून टेबलावर ठेवतो. सुरक्षिततेची केशरी दोरी नळीतून आरपार काढलेली असते, म्हणजे चेंबर मोकळा आहे हे लांबूनही दिसावं. मग पोराला बोल्टची मूठ वर करून मागे ओढायला सांगतो. रिकामं काडतूस बाहेर उडतं ते या हालचालीने. नवं काडतूस बोटाने आत ठेवायचं, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबायचा, मग श्वास, मग ट्रिगर. प्रत्येक गोळीमागे हे सगळं हाताने. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मागे ओढणं, काडतूस फेकणं, नवं भरणं ही कामं उडालेल्या गोळीचा जोरच करून टाकतो. नेमबाजाने दर वेळी फक्त ट्रिगर दाबायचा. आणि ट्रिगर दाबून धरला की गोळ्यांची रांग लागते ती पूर्ण ऑटोमॅटिक. ती फौजेची, नागरिकाने तिचं नावच काढायचं नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिल्या, सगळ्यांत कडक वर्गात बसते. आपल्या बोलीत ‘पीबी’, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. बोअर .२२ सारखा लहान असला तरी यंत्रणा सेमी असल्यामुळे ती त्या वर्गात जाते, हे पालकांना अजिबात ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, गोळी लहान म्हणजे परवाना सोपा. या वर्गाचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही. तो दिल्लीत, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे. आणि तोही ज्याच्या जिवाला दहशतवाद्यांकडून गंभीर धोका आहे अशांसाठी. नववीतल्या पोराच्या जिवाला गणिताच्या पेपरापलीकडे धोका नसतो. तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा विषय तिथेच संपला. पिस्तुलाचं वेगळं आहे. .२२ चं किंवा .३२ चं पिस्तूल सेमी असूनही ‘एनपीबी’, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, या वर्गात येतं आणि २५ मीटरच्या स्पर्धा त्यावरच चालतात. पण रायफलीला ही सवलत नाही.

इथपर्यंत ऐकून पोरगा हिरमुसतो. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगतो, जी आपल्या खिडकीवरून कोणी सांगितली तर अर्धे अर्ज आपोआप कमी होतील. ऑलिंपिकच्या एकाही रायफल स्पर्धेत सेमी-ऑटोमॅटिकची गरज नाही. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून प्रत्येकी वीस, अशा एकूण ६० गोळ्या मारायच्या असतात आणि वेळ असतो ९० मिनिटं. गोळीमागे दीड मिनिट. वेगाचं काय घेऊन बसलात? दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला लागण्यासाठी हात शांत लागतो, पुढचा छर्रा पटकन भरला जाणं नव्हे. स्वप्नीलने पदक जिंकलं ते एकेक गोळी हाताने भरून. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, तीही तशीच.

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत कामाची. सुरुवात करायला बंदुकीचा परवानाच लागत नाही. .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. स्पर्धेची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला तो याच प्रकारात. तरीही एअर रायफल घेऊन एसटीने जाणाऱ्या आमच्या एका मुलीला स्टँडवर अडवून ठेवण्यात आलं, परवाना दाखव म्हणून. नियम सांगणारा एक मराठी कागद, ज्यावर आपला शिक्का आहे असा, तिच्या बॅगेत असता तर तिची बस चुकली नसती.

म्हणून माझी पहिली विनंती. आपल्या शाखेच्या भिंतीवर एक पान लावा. कोणती रायफल परवान्याशिवाय घेता येते, कोणत्या रायफलीला आपला परवाना लागतो, कोणता विषय दिल्लीचा आहे. मराठीत, मोठ्या टाइपात. शस्त्र अधिनियमाच्या इंग्रजी कलमांची झेरॉक्स नको. ती आधीच आहे, आणि तिच्यापुढे उभा राहून कोणी वाचताना मला दिसलेलं नाही.

आता पैशाचं. ‘स्वस्तातली’ म्हणजे काय, हेही पालकांना कोणीतरी सांगायला हवं. ते काम आपलं नाही, मान्य. पण परवान्याचा आणि किमतीचा संबंध असा गुंतलेला आहे की इथे सांगणं भाग आहे. जर्मनीच्या वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ यांची नवी स्पर्धा-एअर रायफल इथे हातात पडेपर्यंत दोन-तीन लाखांच्या घरात जाते. वर जाडजूड जॅकेट, ट्राउझर, बूट. प्रेसिहोलसारख्या देशी कंपनीची सुरुवातीची रायफल त्याच्या अगदी लहान हिश्शात येते आणि पहिली काही वर्षं ती पुरते. मी पालकांना आधी क्लबच्या रायफलीवर शिकवा, मग देशी घ्या, मग दुसऱ्या खेळाडूची वापरलेली परदेशी बघा, असं सांगतो. वापरलेली घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचायची. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं. मुदत संपलेल्या सिलिंडरची रायफल स्वस्त मिळते ती का मिळते, हे घेतल्यावर कळतं.

.२२ वर गेलं की मात्र सगळं आपल्या हातात येतं, आणि माझ्या खऱ्या तक्रारी तिथे सुरू होतात.

अर्ज घेताना पोच द्या. हे लिहिताना मलाच संकोच वाटतो, इतकी साधी गोष्ट आहे. ‘ऑनलाइन भरा’ म्हणायचं, ऑनलाइन भरला की ‘हार्ड कॉपी आणा’ म्हणायचं, आणि हार्ड कॉपी आणली की ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणायचं, यात कुठेही कागदावर तारीख पडत नाही. तारीख पडली नाही की मुदत सुरू होत नाही. कायद्यात मुदतीचा विचार केलेला आहे. कलम १३ प्रमाणे पोलीस ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत यायला हवा, आणि तो आला नाही तर त्याची आणखी वाट न पाहता निर्णय देण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे. हा अधिकार वापरलेला मी तरी बघितलेला नाही. फाइल पोलीस ठाण्यात असते, पोलीस ठाणं म्हणतं वर पाठवली, वर म्हणतात आली नाही. मधल्या काळात खेळाडूचं एक वय सरतं आणि तो ज्युनियरमधून सीनियरमध्ये ढकलला जातो.

नकार द्यायचा असेल तर लेखी द्या. कलम १४ मध्ये कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात कळवायची असं म्हटलं आहे. लोकहिताच्या आड येत असेल तरच ती राखून ठेवता येतात. कलम १८ प्रमाणे अपील आहे. पण तोंडी नकारावर अपील कुठे करायचं? ‘खेळाडू आहे, पण जिवाला धोका दाखवलेला नाही’ असा शेरा एका प्रशिक्षकाने मला सांगितला तेव्हा मी हसलो होतो. नंतर हसू आलं नाही. स्वसंरक्षणाचा आणि टार्गेट शूटिंगचा अर्ज एकाच मापाने मोजला तर असंच होणार. क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरायची .२२ रायफल किंवा एअर रायफल दोन बंदुकांच्या मर्यादेतही धरू नये, असं कलम ३ मध्येच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने खेळाडूंसाठी मर्यादा वाढवल्या. ज्युनियर टार्गेट शूटरला एकाऐवजी दोन शस्त्रं, नामांकित नेमबाजाला आठ ते बारा, सरावाच्या काडतुसांचा वार्षिक साठाही पुष्कळ वाढवला. हे राजपत्रात आहे. ते आपल्या टेबलावर पोहोचलं आहे का, एवढं एकदा बघा. कारण टेबलावरून ‘दोनच्या वर नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं.

आयातीवर आता थोडं सविस्तर बोलायला हवं. सगळ्यांत जास्त अफवा तिथे आहेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या देशात सामान्य माणसाला बाहेरून बंदूक मागवता येत नाही. त्याआधी आलेल्या जुन्या वेब्ली, वाल्थर, विंचेस्टर या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या जातात त्या यामुळे. नागरिकाला नवी बंदूक मिळे ती मुख्यतः सरकारी आयुध निर्माणीची. रायफल म्हटली की .३१५ ची. हा बोअर तरी कसा रूढ झाला? लष्करी .३०३ ची चोरलेली काडतुसं लोकांच्या रायफलीत चालू नयेत म्हणून इंग्रजांनी नागरिकांना वेगळ्या मापाकडे वळवलं. इंग्रज गेले, .३०३ निवृत्त झाली, .३१५ राहिली. दणकट रायफल आहे, पण ती घेऊन मावळंकर स्पर्धेत उतरता येत नाही.

मावळंकर म्हणजे ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. त्यांच्या नावाची स्पर्धा ही आमच्या पोरांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी. आता गाठ बघा कशी बसली आहे. स्पर्धेच्या दर्जाची .२२ रायफल परदेशातून येते. स्वतःच्या नावावर ती आयात करण्याची वाट प्रामुख्याने नामांकित नेमबाजांसाठी. नामांकित व्हायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण मिळवायला हवेत. आणि ते गुण मिळवायला चांगली रायफल हवी. पोहायला येत नाही तोवर पाण्यात उतरू नकोस, असं सांगितल्यासारखं आहे हे. ज्याच्या बापाला जमतं तो पोराला पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला ठेवतो, मोठ्या अकादमीची रायफल वापरतो, गुण मिळवतो आणि नामांकित होतो. कांबळवाडीच्या पोराला हे जमलं ते क्रीडा प्रबोधिनीने उचललं म्हणून. जी पोरं प्रबोधिनीच्या नजरेतून सुटतात त्यांचं काय, हा प्रश्न मी आपल्यासमोर का मांडतो आहे? कारण ही गाठ सोडवण्याचं एक टोक आपल्या हातात आहे. क्लबच्या नावावर रायफल असेल तर दहा पोरं त्यावर शिकतात. क्लबच्या परवान्याची फाइल वैयक्तिक अर्जांच्या ढिगाखाली दाबू नका. एवढं केलं तरी दिल्लीच्या नियमाला हात न लावता जिल्ह्यातली वाट मोकळी होते.

ज्याला आयातीचा हक्क मिळाला त्याचंही सगळं सरळ नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे बाहेरून शस्त्र आणायला परवाना लागतो. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या यादीत बंदुका निर्बंधित मालात आहेत. असोसिएशनची शिफारस लागते. मग सीमाशुल्क. माल विमानतळावर येऊन पडतो तेव्हा या सगळ्या कागदांवरचं नाव, मॉडेल आणि नंबर अक्षरशः जुळावे लागतात. एका खेळाडूच्या परवान्यावर शाखेने बोअर लिहिताना टिंब विसरलं. .२२ चे २२ झाले. ते टिंब पडेपर्यंत त्याची रायफल कस्टमच्या गोदामात राहिली आणि राज्य स्पर्धा होऊन गेली. दुरुस्तीसाठी त्याच्याकडून नवा अर्ज भरून घेण्यात आला, हे विशेष.

इथेच परदेशस्थ मराठी मंडळींसाठीही दोन ओळी, कारण दिवाळीत गावी आलेले भाचे-पुतणे मला हेच विचारतात. टेक्सासमध्ये घेतलेली एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल परत येताना सामानात आणता येईल का? येणार नाही. कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्याला एक बंदूक आणता येते, पण ती परवानगी असलेल्या बोअरची असावी लागते. ती तिकडे किमान वर्षभर त्याच्या ताब्यात आणि वापरात असावी लागते, भारतातला परवाना आधी हातात असावा लागतो, शुल्क भरावं लागतं, आणि नंतर हयातभर ती विकता, उसनी देता किंवा बक्षीस देता येत नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल या चौकटीत बसत नाही. तिकडचा परवाना इकडे चालत नाही. ‘घरचंच सामान आहे’ हे कस्टमला सांगून उपयोग नाही. साहेब, हेही त्या भिंतीवरच्या पानावर टाका. विमानतळावर अटक झालेल्या माणसाच्या आईने आपल्या कार्यालयात रडत येण्यापेक्षा बरं.

निवडणुकीच्या काळात हत्यारं जमा करण्याचा मुद्दा खेळाडूंचा तसाच शेतकऱ्यांचाही आहे, म्हणून थोडक्यात मांडतो. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, हत्यार जमा करा. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलं आहे की सरसकट जमा करायला लावू नका, छाननी समितीने ज्याचं त्याचं प्रकरण पाहून ठरवावं. स्पर्धेत भाग घेणाऱ्या, असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये सूट आहे. तरीही फोन सगळ्यांना सारखाच येतो. नेमक्या त्याच महिन्यात रानडुकरं कोकणातल्या भातात आणि घाटावरच्या मक्यात शिरतात, आणि शेतीसंरक्षण परवान्याची एकनळी ठाण्याच्या कपाटात असते. शेतकरी मला विचारतो, डुकरांसाठी सेमी मिळेल का, एका बारात पळत नाहीत. मी त्याला वरचंच सगळं सांगतो. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बार काढता येत नाही, हेही सांगतो. तो म्हणतो, मग बंदूक दिलीत कशाला? हे उत्तर मी देऊ शकत नाही. आपण द्यावं.

दोष सगळा आपलाच आहे असं म्हणून मी मोकळा होत नाही. काही विक्रेते ‘परवाना आम्ही काढून देतो’ म्हणून दुकानातच आगाऊ रक्कम घेतात. त्यांना आपण वर्षातून एकदा तरी बोलावून विचारलं पाहिजे की कुठल्या कलमाखाली काढून देता. आमच्या संघटनांचे पदाधिकारी शिफारसपत्रावर सही करायला वर्गणी थकली की नाही ते आधी बघतात आणि पोराचे गुण नंतर. पालकांबद्दल तर काय बोलावं. काहींना रायफलीपेक्षा परवाना हवा असतो, घराच्या भिंतीवर लावायला आणि गावात दाखवायला. असा अर्ज आला तर तो फेटाळा, मी आपल्या बाजूने उभा राहीन. पण फेटाळतानाही लेखी फेटाळा.

जाता जाता काडतुसांचं. पुण्यात खडकीला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला फौजेची काडतुसं बनतात. दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालयही पुण्यात आहे. त्याच पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर उतरणारी पोरं स्पर्धेसाठी इंग्लंडची एली किंवा जर्मनीची काडतुसं मोजून वापरतात. ही गोष्ट आपल्या अखत्यारीतली नाही, हे मला समजतं. ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना हे पत्र कोणी दाखवलं तर बरं होईल, म्हणून लिहिली.

आपल्याकडून मात्र फार मागत नाही. भिंतीवर मराठी पान. अर्जाची तारखेसह पोच. खेळाडू, शेतकरी आणि स्वसंरक्षण यांच्या फाइली वेगवेगळ्या. क्लबच्या अर्जाला आधी नंबर. नकार असेल तर लेखी आणि कारणासह. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा, दिल्लीची परवानगी किंवा वेगळा निधी लागत नाही. भिंतीवरच्या पानाचा मसुदा मी तयार करून द्यायला तयार आहे. आपल्या विधी अधिकाऱ्यांनी तो तपासावा, चुकलं असेल तिथे लाल शाईने काट मारावी, आणि पुढच्या मावळंकर स्पर्धेचे अर्ज सुटायच्या आत तो लावावा.



आपला नम्र,
जिल्हा रायफल क्लबचा एक प्रशिक्षक